टाक्या चार, पाणी एकच! प्रवाळांचे फिशटँक एकमेकांना जोडले की नेमकं काय होतं?

फिशटँकची हौस एका टाकीवर थांबत नाही. आधी दिवाणखान्यात एक मोठी टाकी येते, मग प्रवाळाचे छोटे तुकडे वाढवायला एक उथळ टाकी, मग एखाद्या भांडखोर माशासाठी तिसरी. खाऱ्या पाण्याच्या प्रत्येक टाकीला हीटर वेगळा, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर वेगळा आणि पाण्याच्या चाचण्याही वेगळ्या. म्हणून अमेरिका-युरोपातले बरेच हौशी लोक आणि प्रवाळ विकणारी दुकानं सगळ्या टाक्या जोडून त्यांचं पाणी एकच करून टाकतात.

(भारतात हे करण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे.)

सोसायटीच्या टाकीसारखंच

यामागचं तत्त्व तुमच्या इमारतीत रोज चालतं. खाली जमिनीत एक टाकी, वर गच्चीवर दुसरी आणि मध्ये पंप. इथेही तळाशी एक मोठी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. हीटर, स्किमर, फिल्टर असं सगळं सामान त्यातच असतं. पंप सम्पमधलं पाणी वर चढवतो, व्हॉल्व्ह लावलेल्या फाट्यांतून ते प्रत्येक टाकीत जातं आणि काठाशी ठरवलेल्या पातळीवरून ओसंडून पाईपने पुन्हा सम्पमध्ये पडतं.

दोन टाक्यांच्या मध्ये नुसता पाईप टाकून भागत नाही. त्याने पातळी सारखी होते, पण पाणी फिरत नाही आणि पाईप तुंबला की एक टाकी भरून वाहते. म्हणून प्रत्येक टाकीला पाणी बाहेर जाण्याची स्वतःची वाट हवी, शिवाय संकटकाळासाठी दुसरी. एखादी गोगलगाय पाईपच्या तोंडाशी जाऊन बसते, तेव्हा ही दुसरी वाट कामाला येते.

जास्त पाणी म्हणजे जास्त स्थिर? अर्धवट खरं

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ५० लिटरच्या टाकीतलं एक लिटर पाणी उडालं की हा आकडा ३५.७ वर जातो, कारण वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. तीच टाकी ५०० लिटरच्या टाकीला जोडली, तर तिच्यातल्या एका लिटरचा फरक जाणवणारही नाही. मासा मेला, तरी त्याचा अमोनिया मोठ्या पाण्यात विरतो.

पण सारख्याच तीन टाक्या जोडल्या, तर पाणी तिप्पट होतं तसं बाष्पीभवनही तिप्पट होतं. प्रवाळांना लागणारं कॅल्शियमही तिप्पट. थोडक्यात, छोट्या टाकीला मोठीचा आधार मिळतो. सारख्यांना सारख्यांचा फारसा नाही. त्यांचा खरा फायदा हा की चाचणी एकदाच करायची आणि सामान एकदाच घ्यायचं.

एकाचा आजार, सगळ्यांचा आजार

जोडणीची खरी किंमत इथे मोजावी लागते. खाऱ्या पाण्यातल्या माशांना क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येतात. त्याची पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. पाणी एक असलं, की एका टाकीत शिरलेला रोग पंपाबरोबर घरभर फिरतो. त्यावरचं नेहमीचं औषध तांब्याचं, पण तेच तांबं प्रवाळ आणि कोळंबीला मारतं. त्यामुळे जोडलेल्या पाण्यात ते टाकताच येत नाही. सगळे मासे बाहेर काढून सगळ्याच टाक्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. हौशी लोक त्यासाठी ७६ दिवस धरतात. नव्या माशाला वेगळं ठेवायची टाकी म्हणूनच या जाळ्याला कधीच जोडायची नाही. तिची जाळी, बादलीसुद्धा वेगळी.

आणखी एक भांडण डोळ्यांना दिसत नाही. काही मऊ प्रवाळ शेजारच्याला हटवायला पाण्यात रसायनं सोडतात. वेगळ्या टाकीत ठेवलेल्या कडक प्रवाळालाही मग त्याचा त्रास होतो. अशा वेळी सम्पमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवतात.

आणि लाईट गेली तर?

पंप थांबतो, पण पाणी थांबत नाही. काठाच्या वरचं पाणी खाली येतं आणि पाणी वर नेणाऱ्या पाईपचं तोंड बुडलेलं असेल, तर त्यातूनही उलटं ओढलं जातं. हिशोब करून बघा. टाकी १२० बाय ६० सेंटिमीटर, पाणी फक्त ३ सेंटिमीटर उतरलं तरी २१.६ लिटर. अशा तीन टाक्यांचं जवळपास ६५ लिटर. पाईपचं तोंड खोल असेल आणि पाणी १० सेंटिमीटर उतरलं, तर २१६ लिटर. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल, तर ते फरशीवर आणि मग खालच्या मजल्याच्या छतातून. उलटा प्रवाह अडवणारे व्हॉल्व्ह मिळतात, पण खाऱ्या पाण्यात त्यांच्यावर क्षार चढतात आणि नेमक्या वेळी ते अडकतात. त्यापेक्षा पाईपचं तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवलेलं बरं: थोडं पाणी उतरलं की आत हवा शिरते आणि ओढ तुटते.

म्हणून मासे सोडण्याआधी एक चाचणी करतात. पंप थांबल्यावर टाकीतलं पाणी जिथपर्यंत उतरतं, तिथपर्यंतच सगळ्या टाक्या पंप बंद ठेवून भरायच्या आणि सम्प काठाच्या चार बोटं खाली येईल इतका भरायचा. मग पंप सुरू करायचा. काही पाणी वर जाईल, सम्पची पातळी उतरेल. ती स्थिर झाली की काचेवर मार्करने रेघ मारायची. पंप चालू असताना सम्पमधलं पाणी त्या रेघेच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही.