कुत्र्याला शिकवावे कसे?

तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग येथे खंडोबाचे ठाणे आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. देवाजवळ त्याला मान. पण दारातला कुत्रा चुकला, की आपला हात आधी काठीकडे जातो. या काठीने तो काय शिकतो, ते पाहू.

समजा, तुमचा कुत्रा माळावर शेळ्यांमागे धावला. तुम्ही हाका मारल्या. बऱ्याच वेळाने तो आला आणि तुम्ही त्याला बदडले. तुमच्या मते ही शिक्षा शेळ्यांमागे धावल्याची. त्याच्या हिशेबी मात्र मालकाने बोलावले, आपण गेलो आणि मार बसला. उद्या हाक ऐकून तो लांबच उभा राहील. मान खाली घालतो, म्हणजे त्याला चूक कळली, असे आपण म्हणतो. 2009 साली न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे तपासले. तो अपराधी चेहरा खोडीवर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असल्याचे दिसून आले.

मग करावे काय? अमेरिकेतील थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1898 साली पेटीत ठेवलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या हालचालीने दार उघडून खाणे मिळे, ती मांजर पुढेपुढे लवकर करू लागे. कुत्र्याचेही तसेच. भाकरीचा लहानसा तुकडा त्याच्या नाकापुढे धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर गेली, की बूड आपोआप खाली टेकते. टेकताक्षणी ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्या. उशीर केलात आणि तोवर तो उठला, तर बक्षीस उठण्याचे ठरेल! हे जमले, की ‘बस’ हा शब्द जोडा. एका वेळी 5 मिनिटे पुरेत. अंगावर उड्या मारू लागला, तर पाठ फिरवा. पाय जमिनीवर आले, की मगच कुरवाळा.

आता शिक्षकबंधूंसाठी थोडे. कुत्रा जीभ ओठांवरून फिरवतो, तोंड वळवतो, शेपूट पोटाखाली घेतो, गुरगुरतो. ‘दूर राहा’ असे सांगण्याची ही त्याची भाषा. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे, असेही नाही. गुरगुरण्याबद्दल मारत गेलात, तर तो गुरगुरणे सोडील. भीती तशीच राहील, आणि पुढे एखाद्या मुलाला न बजावता चावेल. म्हणून मुलांना सांगा: खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याला आणि पिले असलेल्या कुत्रीला हात लावू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला, तर पळू नये. हात अंगालगत ठेवून झाडासारखे उभे राहावे.

तरीही चावलाच, तर चुना, तिखट काही लावू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने घ्या. पिसाळीची लक्षणे एकदा दिसली, की रोगी बहुधा वाचत नाही. लस मात्र वेळेवर घेतली, तर वाचवते.