शेतजमीन, वारसनोंद आणि मुलीचा हक्क : हक्कसोडपत्राचे कायदेशीर स्वरूप

प्रस्तावना

ग्रामीण कुटुंबाचा कायद्याशी पहिला संबंध बहुधा न्यायालयात येत नाही. तो तलाठी कार्यालयात येतो. घरातील कर्ता पुरुष निवर्ततो, दिवसकार्य आटोपते आणि सातबारावर वारसांची नावे लावण्याचा प्रश्न उभा राहतो. त्याच सुमारास सासरी नांदणाऱ्या मुलीला बोलावणे जाते. दुय्यम निबंधक कार्यालयात ती सही करते, अंगठा उमटवते, माहेरची साडीचोळी घेऊन परत जाते. तिने ज्या कागदावर सही केली त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. वारसनोंदीची ही एक औपचारिकता आहे, असा तिचा आणि पुष्कळदा तिच्या भावांचाही प्रामाणिक समज असतो.

हा समज चुकीचा आहे. प्रस्तुत लेखात बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात मुलीच्या वारसाहक्काचे आजचे स्वरूप आणि हक्कसोडपत्राचे परिणाम यांचे विवेचन केले आहे. हे विवेचन हिंदू उत्तराधिकार कायदा ज्यांना लागू आहे अशा हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांपुरते मर्यादित आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी

या भागात जमिनीचे दोन चेहरे दिसतात. मोरगाव, सुपे या बाजूची जिराईत जमीन पावसाच्या भरवशावर असते, तर नीरा डाव्या कालव्याखालील पट्टा ब्रिटिश काळापासून बागायती आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने याच पाण्यावर उभे राहिले. इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे उजनी धरणाच्या जलाशयात गेली आणि अनेक कुटुंबांच्या वाट्याला पुनर्वसन आले. अलीकडच्या काळात औद्योगिक वसाहत आणि बारामती-इंदापूरमार्गे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग यांमुळे जमिनीच्या किमती बदलल्या. भूसंपादनाचा मोबदला प्रथमतः अभिलेखात नाव असलेल्या व्यक्तीकडे जातो. त्यामुळे पूर्वी दोन पोती धान्यापुरता वाटणारा बहिणीचा हिस्सा आज मोठ्या रकमेचा प्रश्न झाला आहे.

कायद्याची वाटचाल

हिंदू उत्तराधिकार कायदा 17 जून 1956 रोजी अंमलात आला. पित्याने स्वतः मिळवलेल्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना त्याने समान वारस ठरवले. मात्र वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क फक्त मुलग्यांचाच राहिला.

ही विषमता दूर करण्यात महाराष्ट्र इतर बहुसंख्य राज्यांच्या पुढे होता. 1994 साली राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी बारामतीचेच श्री. शरद पवार होते. त्याच वर्षी राज्याने कायद्यात दुरुस्ती करून 22 जून 1994 पासून मुलीला जन्मतः सहदायाद ठरवले. परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना या दुरुस्तीतून वगळण्यात आले. पुढे केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेद संपला. त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक आहे काय, या प्रश्नावर अनेक वर्षे मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी त्याचे उत्तर दिले : मुलीचा हक्क जन्माने येतो, पिता त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी कायदेशीररीत्या पूर्ण झालेली वाटणी किंवा विक्री यामुळे उकरून काढता येत नाही.

एक उदाहरण

स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. सहा एकर वडिलोपार्जित बागायत जमीन आहे. पिता मृत्युपत्र न करता मरण पावला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. कायदा असे मानतो की मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली. 1994 पूर्वीच्या नियमानुसार त्या वाटणीत पिता, पत्नी व दोन मुलगे असे चार हिस्से पडत. पित्याच्या एक चतुर्थांश हिश्शाचे पुन्हा चार भाग होऊन त्यांतील एक मुलीला मिळे. म्हणजे एकूण जमिनीचा सोळावा भाग, अवघे 15 गुंठे.

आजच्या कायद्यानुसार मुलगीही सहदायाद असल्याने हिस्से पाच पडतात. तिचा स्वतःचा पाचवा भाग आणि पित्याच्या पाचव्या भागातील चौथा हिस्सा मिळून तिच्याकडे एक चतुर्थांश जमीन येते. म्हणजे 60 गुंठे. आई आणि दोन्ही भाऊ यांचाही हिस्सा नेमका तेवढाच होतो.

जमीन पित्याची स्वकष्टार्जित असेल तरीही मृत्युपत्राच्या अभावी मुलीचा वाटा एक चतुर्थांशच येतो. फरक इतकाच, की स्वकष्टार्जित जमीन पिता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित जमिनीत मात्र तो फक्त स्वतःच्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करू शकतो.

तीन स्वतंत्र क्रिया

या विषयातील बहुतेक गोंधळ तीन वेगळ्या क्रिया एकच समजल्यामुळे होतो.

1. नाव लागणे : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत नसल्यास नोंद प्रमाणित होते. यासाठी कोणीही हक्क सोडण्याची गरज नाही. सर्व वारसांची नावे लावणे हाच नियम आहे. शिवाय महसुली नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जात असले, तरी ती मालकी निर्माण करीत नाही आणि नष्टही करीत नाही. जुन्या सातबारांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा आढळतो. त्या एका नावामागे संपूर्ण कुटुंब उभे असते.

2. वाटप होणे : नाव लागले म्हणजे जमिनीचे तुकडे पडले असे नाही. बहीण सामाईक खातेदार राहून जमीन भावाच्या वहिवाटीत राहू शकते. तुकडेबंदी कायद्यामुळे प्रत्यक्ष विभागणीस मर्यादा येतात. परंतु त्या हिश्शाच्या मालकीला बाधा आणत नाहीत.

3. हक्क सोडणे : हे मालमत्तेचे हस्तांतरण आहे. नोंदणी कायदा, 1908 नुसार स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृत असावा लागतो. साध्या मुद्रांकावरील संमतीपत्राने किंवा तलाठ्यासमोरील जबाबाने हक्क संपुष्टात येत नाही. याउलट नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले, की वरील उदाहरणातील 60 गुंठे जमीन बहिणीच्या मालकीतून कायमची जाते. जवळच्या नातलगांच्या लाभात मोबदल्याविना केलेल्या अशा दस्तावर मुद्रांक शुल्क नाममात्र असल्याने हा मार्ग सोपा वाटतो.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पिता हयात असताना त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला केवळ वारस होण्याची आशा असते. आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 नुसार अशी आशा हस्तांतरित करता येत नाही.

सही झाल्यानंतरचे मार्ग

फसवणूक, गैरवाजवी दडपण किंवा दस्ताच्या स्वरूपाविषयी दिशाभूल करून सही घेतली असल्यास दस्त रद्द करण्यासाठी दिवाणी दावा दाखल करता येतो. त्यासाठी ती वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. परंतु नोंदणीकृत दस्ताविरुद्ध असे आरोप सिद्ध करण्याचा भार सही करणारीवरच येतो. केवळ फेरफार चुकीचा असल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. भूसंपादनात मोबदल्याच्या विभागणीवर वाद उद्भवल्यास तो दिवाणी न्यायालयाकडे सोपविला जातो. म्हणून रक्कम वितरित होण्यापूर्वी लेखी हरकत नोंदविणे निर्णायक ठरते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. ही तरतूद फार थोड्या महिलांना ज्ञात असते.

भावाची बाजू

या प्रश्नाकडे केवळ अन्यायाच्या चष्म्यातून पाहणे अपुरे ठरेल. आई-वडिलांचा सांभाळ, सोसायटीचे पीककर्ज, विहीर व जलवाहिनीवरील खर्च ही भावाची ओझी खरी असतात. बहिणीच्या लग्नात झालेला खर्च हा तिच्या हिश्शाचा पर्याय आहे, असे मात्र कायदा मानत नाही. कुटुंबाचे कायदेशीर कर्ज असेल, तर हिस्सेदार म्हणून तिलाही त्याचा भार उचलावा लागतो. बहीण जमीन परक्यास विकेल ही भावाची मोठी भीती असते. वारसाने मिळालेला हिस्सा सहवारसाने विकावयाचे ठरविल्यास इतर वारसांना खरेदीचा अग्रहक्क आहे. ही तरतूद शेतजमिनीलाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

बहिणीने समजून-उमजून, स्वेच्छेने हक्क सोडणे पूर्णतः कायदेशीर आहे आणि तो तिचा अधिकारही आहे. आक्षेप त्यागाला नाही. आपण काय सोडतो आहोत हे न सांगता करवून घेतलेल्या त्यागाला आहे. ‘माहेर तुटेल’ या भीतीपोटी केलेली सही स्वेच्छेची मानावी काय, हा प्रश्न कायद्याइतकाच समाजशास्त्राचाही आहे.

निष्कर्ष

1. कायद्याच्या पातळीवर मुलीचा हक्क 2005 नंतर जवळजवळ पूर्ण झाला आहे. प्रत्यक्षात तो हक्कसोडपत्राच्या टप्प्यावर गमावला जातो.

2. वारसनोंद व हक्कसोड यांची सांगड कायद्याने घातलेली नाही. ती रूढीने घातली आहे. दुःखाच्या दिवसांत आधी सर्वांची नावे लावावीत. हक्क सोडण्याचा निर्णय नंतर स्वतंत्रपणे आणि सल्ला घेऊन व्हावा.

3. सामाईक खातेदारी, नोंदणीकृत वाटणीपत्र, रोख मोबदल्याच्या बदल्यात हिस्सा देणे, असे मधले मार्ग उपलब्ध आहेत. त्यांतून जमीनही अखंड राहू शकते आणि नातेही.

समारोप

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली बहुधा याच कुटुंबांतून येतात, आणि वर्गात शेजारी बसणारे मुलगे उद्याचे भाऊ-खातेदार असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचावयास शिकविणे, तालुका विधी सेवा समितीच्या सहकार्याने व्याख्यान ठेवणे, वाणिज्य व समाजशास्त्राच्या वर्गात हक्कसोडपत्राचा नमुना ओळीओळीने समजावून देणे, ही कामे प्राध्यापकांना सहज करता येण्यासारखी आहेत. सही करण्यापूर्वी कागद वाचणारी एक जरी विद्यार्थिनी त्यातून घडली, तरी या विवेचनाचे सार्थक होईल.