सागाच्या पानातला वाघ

पांढरकवड्याच्या एका शाळेत सातवीचा चित्रकलेचा तास घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा कागद हाती पडताच निम्म्या मुलांनी दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढायला घेतली. हे चित्र तुमच्याही ओळखीचं असेल. आम्ही मुलांना थांबवलं आणि सागाची पानं वाटली.

पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरांची बाजू वर येते. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरायची आणि हलक्या हातानं घासायची. खाली जिथे शीर उंच असते, तिथे शिसं जास्त बसतं आणि शिरांचं जाळं कागदावर उमटतं. वाळकं पान घासताना मोडतं. आदल्या दिवशी तोडून वहीत दाबून ठेवलेलं बरं. गोणपाट किंवा जुनी फळीही चालते.

फळीवरूनच हे सुरू झालं. १९२५ साली फ्रान्सच्या समुद्रकाठी एका खानावळीत उतरलेल्या मॅक्स एर्न्स्ट या चित्रकाराचं लक्ष जमिनीच्या झिजलेल्या फळ्यांनी वेधून घेतलं. त्यानं त्यांवर कागद टाकून छाप घेतले. त्या छापांत त्याला जंगलं, पक्षी, प्राणी दिसू लागले. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँनं अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला होता. विचाराचा पहारा उठवून मनात जे येईल ते येऊ द्यावं, स्वप्नालाही जागेपणाइतकंच खरं मानावं, असा त्याचा आग्रह होता.

आता कागद चारही बाजूंनी फिरवून विचारा, ‘काय दिसतं?’ अर्धवट खुणांतून ओळखीचा आकार जुळवण्याची मेंदूला सवयच आहे. झुडपात नसलेला वाघ दिसला तर थोडी धावपळ होते. असलेला दिसला नाही तर जीव जातो. म्हणून ही सवय टिकली, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

एका मुलीनं मधली शीर म्हणजे बाजेची कड धरली. बाजेला तिनं वाघाचे चार पाय काढले आणि वर, झोपलेल्या माणसाच्या जागी, फुटलेलं कापसाचं बोंड. वर्ग हसला. ‘अगं, बाजेला पंजे असतात का?’ असं आमच्यातल्याच एकानं सवयीनं विचारलं आणि तिनं लगेच खोडरबर उचललं. आम्ही चूक सावरून घेतली, तेव्हा ती म्हणाली, ‘माही आजी सांगते सर, वाघीण होती त्या साली कोणी अंगणात बाज टाकत नव्हतं.’ या भागात २०१८ च्या नोव्हेंबरात मारल्या गेलेल्या वाघिणीची ही गोष्ट. मुलगी तेव्हा अगदी लहान होती.

साल्व्हादोर दालीची वितळणारी घड्याळं (१९३१) आम्ही नंतरच दाखवतो. आधी दाखवली तर वर्गभर घड्याळंच वितळतात. आपल्याकडचे प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांना अतिवास्तववादी म्हणणं पुरेसं नाही, पण रोजच्या वस्तू नेहमीच्या जागेवरून उचलून मोकळ्या अवकाशात ठेवल्या की त्या कशा बोलू लागतात, हे त्यांच्या चित्रांत दिसतं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) शिक्षकांनी जरूर वाचावं.

रंगाची सोय नसेल तर सागाचं कोवळं पान चुरगाळा, लाल रंग निघतो. हे मुलांना आधीच माहीत असतं. खोडरबरं मात्र त्या तासाला आम्ही गोळा करून टेबलावर ठेवतो.