देवरीच्या नर्सबाई आणि त्यांची लेकरं

देवरी हे नागपूर-रायपूर महामार्गावरचं, छत्तीसगडच्या सीमेलगतचं तालुक्याचं गाव. महामार्ग सोडून चिचगड, ककोडीच्या बाजूला वळलं की जंगल दाटतं आणि वस्ती टोल्याटोल्यांत विखुरते. गोंड, हलबा कुटुंबांच्या या गावांत दवाखाना म्हणजे बहुतेक वेळा एकच बाई: उपकेंद्रातली नर्सबाई. सपाट भागात 5000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात 3000 मागे एक, असा सरकारी निकष आहे. आकडा लहान दिसतो, पण ही माणसं एका गावात राहत नाहीत.

मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात बाया पहाटेच रानात जातात. गरोदर बाई घरी भेटायची तर बाईंनाच आपली वेळ बदलावी लागते. लसीच्या डब्यात तापमान 2 ते 8 अंशांतच राहायला हवं, मग रस्ता कितीही तापलेला असो. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं. त्यामुळे रक्ततपासणीबरोबर लग्न ठरवताना काय पाहावं हेही नर्सबाईच समजावून सांगतात. 1973 च्या करतारसिंग समितीने प्रसूतीपुरतं काम करणाऱ्या या सेविकेला बहुउद्देशीय करण्याची शिफारस केली. पुढे 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण आलं आणि नोंदवह्यांची चळत वाढत गेली. आशाताई 2005 नंतर मदतीला आल्या, पण बाळंतपण अडलं की हाक आजही बाईंनाच.

आणि या बाईंना स्वतःची मुलं असतात. मुख्यालयी राहायचं तर लेकरांची शाळा कुठे, तापाने फणफणलेल्या मुलाला शेजारणीकडे ठेवून दुसरीच्या बाळंतपणाला जायचं का, हे प्रश्न कुठल्याच नोंदवहीत येत नाहीत. निरोप समारंभात त्यांना ‘गावाची आई’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं जातं. त्या गौरवात त्यांचं कौशल्य झाकलं जातं आणि त्यांच्या लेकरांनी काय सोसलं तेही, असं मला वाटतं.

महाराष्ट्राच्या आठवणीत शुश्रूषा आणि मातृत्व फार जुन्या काळापासून एकत्र आहेत. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या, स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि 10 मार्चला गेल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 1973 मध्ये पाशवी हल्ला झाला. 2015 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हता, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली. दर थोड्या वेळाने कूस बदलणारे ते शिकलेले हात होते. नुसत्या मायेने शय्याव्रण टळत नाही. कामा रुग्णालयातल्या अंजली कुलथे यांनी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवाद्यांचा गोळीबार चालू असताना 20 गरोदर बायांना सुरक्षित ठेवलं आणि कळा सुरू झालेल्या एकीला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात पोहोचवलं. त्या धैर्यामागेही वॉर्डातली रोजची शिस्त होती.

मुंबईच्या या परिचारिकांविषयी वर्तमानपत्रांनी लिहिलं, ते योग्यच झालं. पण चिचगडच्या वाटेवरच्या बाईंविषयी कोण लिहिणार? जुन्या नोंदवह्या रद्दीत जातात. ज्यांनी बाळंतपणं केली त्या थकतात, ज्यांची झाली त्याही थकतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव तालुक्यांतल्या ज्या घरांत निवृत्त नर्सबाई आहेत, तिथल्या मुला-नातवंडांना माझी विनंती आहे: येत्या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणत्या उपकेंद्रात किती वर्षं काढली, कोणत्या टोल्यावर पावसाळ्यात कसं पोहोचायचं, अडलेलं बाळंतपण कसं पार पडलं, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि त्या वेळी तुम्ही कोणाच्या घरी झोपला होतात, तेही लिहा.