चूल आणि पंगत : अमेरिकेच्या दक्षिणेतील घरगुती अन्नाचा सांस्कृतिक अर्थ

प्रत्येक समाजात काही पदार्थ असे असतात, की ते पोट भरण्यासाठी जितके खाल्ले जातात तितकेच मन निवण्यासाठीही. दीर्घ प्रवासाहून परतलेल्या मराठी माणसाला पक्वान्नापेक्षा वरण-भात किंवा पिठले-भाकरी हवीशी वाटते, ती याच कारणाने. अमेरिकेत अशा आपलेपणाच्या अन्नाचा विषय निघाला, की दक्षिणेकडील राज्यांच्या घरगुती स्वयंपाकाचा उल्लेख प्रथम होतो. व्हर्जिनियापासून लुइझियानापर्यंतच्या या प्रदेशातील मक्याचा कॉर्नब्रेड, तळलेली कोंबडी, भेंडीचे गंबो, चवळी-भात आणि तासन्‌तास शिजवलेल्या पालेभाज्या हे पदार्थ आज सुबत्तेचे व आदरातिथ्याचे प्रतीक मानले जातात. तथापि यांतील अनेक पदार्थांचे मूळ सुबत्तेत नसून शिध्यात आहे. हे अन्न ज्यांनी रांधले, त्यांना त्या पंगतीत बसण्याचा अधिकार दीर्घकाळ नव्हता. या दोन वस्तुस्थितींच्या प्रकाशात या अन्नसंस्कृतीचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शिधा आणि चव

दक्षिणेच्या आहाराचा पाया मका हा होय. त्याची लागवड व उपयोग युरोपीय वसाहतकारांनी मूलनिवासी समाजांकडून आत्मसात केला. मक्याच्या भरडीपासून होणारे 'ग्रिट्स' म्हणजे मराठी घरांतील ज्वारीच्या कण्यांचेच एक भावंड म्हणता येईल. ताक घालून लोखंडी तव्यात भाजलेला कॉर्नब्रेड हे रोजचे अन्न. त्याच्या जोडीला खारवलेले डुकराचे मांस आणि काकवी.

गुलामगिरीच्या काळात हाच मका व हेच मांस मोजून दिले जात असे. गुलामगिरीतून निसटून पुढे थोर वक्ता व लेखक झालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात मेरीलँडमधील मळ्यावरचा शिधा नोंदवला आहे : प्रौढ मजुरास महिन्याकाठी आठ पौंड डुकराचे मांस किंवा तितकीच मासळी आणि एक बुशेल मक्याचे पीठ. एवढ्यावर भागणे शक्य नसल्याने अनेक मळ्यांवर गुलाम कुटुंबे झोपडीमागे भाजीचा लहानसा वाफा राखत, मासे धरत, रानात शिकार करत. कोबीच्या कुळातील, परंतु गड्डा न धरणारी 'कोलार्ड' ही भाजी खारवलेल्या हाडाच्या तुकड्याबरोबर मंद आचेवर शिजवली जाई. उरलेले भाजीचे पाणी टाकून न देता त्यात कॉर्नब्रेड कुस्करून खाल्ला जाई. 'पॉट लिकर' या नावाने ओळखले जाणारे हे पाणी आज रुचकर म्हणून वाखाणले जाते. तेव्हा ते तुटीच्या आहाराची भरपाई होते.

ही तूट किती जीवघेणी होती, याचा पुरावा गुलामगिरी संपल्यानंतरही मिळत राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील गरीब कुळे व गिरणीकामगार, गोरे आणि काळे दोन्ही, पेलाग्रा या रोगाने ग्रस्त झाले. हा रोग संसर्गजन्य नसून निकृष्ट आहारातून उद्भवतो, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले. मक्याचे पीठ, चरबीयुक्त मांस आणि काकवी एवढ्याच आहारात नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला पुरेसे मिळत नाही. मूलनिवासी लोक मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवत. त्या प्रक्रियेने हे जीवनसत्त्व शरीरास उपलब्ध होते. धान्य घेतले गेले, परंतु त्यासोबतचे हे ज्ञान रोजच्या पिठापर्यंत पोहोचले नाही. दख्खनच्या पठारावर प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांतही हाच रोग आढळला होता, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

२. आफ्रिकेचा वारसा

केवळ अभावातून पाकपरंपरा निर्माण होत नाही. तिला स्मृतीही लागते. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आफ्रिकेची पिके आणि ती रांधण्याची रीत अमेरिकेत आली. भेंडी हे त्याचे ठळक उदाहरण. 'गंबो' हा शब्दच मध्य आफ्रिकेतील बांटू भाषांतील भेंडीवाचक शब्दापासून आल्याचे मानले जाते. लुइझियानाच्या गंबोत आफ्रिकेची भेंडी, फ्रेंच पद्धतीने तेला-तुपात परतलेले पीठ आणि चोक्टॉ या मूलनिवासी समाजाकडून आलेली ससाफ्रासच्या पानांची भुकटी यांचा संगम दिसतो.

कॅरोलायनाच्या दलदलीच्या किनाऱ्यावरील भातशेतीविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. जुडिथ कार्नी यांनी 'ब्लॅक राइस' (२००१) या ग्रंथात ही शेती पश्चिम आफ्रिकी शेतकऱ्यांच्या ज्ञानावर उभी राहिल्याचे प्रतिपादन केले, तर काही इतिहासकारांनी गुलामांच्या व्यापाराच्या नोंदींच्या आधारे या मताला आव्हान दिले. ज्ञानाचे श्रेय वादग्रस्त असले, तरी चिखलात राबणारे हात कोणाचे होते याविषयी वाद नाही. याच प्रदेशातील चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवून होणारा 'हॉपिन जॉन' आजही नववर्षाच्या पहिल्या दिवशी शुभ म्हणून खाल्ला जातो.

३. पाकग्रंथ आणि नामोल्लेख

मेरी रँडॉल्फ या मळेमालक घराण्यातील स्त्रीचा 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' (१८२४) हा दक्षिणेचा आद्य पाकग्रंथ मानला जातो. त्यात भेंडीच्या पाककृती आहेत, हिंदुस्थानी धर्तीची 'करी'सुद्धा आहे. परंतु अशा घरांत प्रत्यक्ष चुलीपाशी उभ्या असलेल्या गुलाम स्त्रियांची नावे नाहीत. त्या समाजातील स्त्रियांचे ग्रंथ पुढे आले. मेलिंडा रसेल हिचे छोटेखानी पुस्तक १८६६ चे. ॲबी फिशर ही गुलामगिरीत जन्मलेली. तिला लिहिता-वाचता येत नसल्याने तिने आपल्या पाककृती तोंडी सांगितल्या आणि १८८१ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्को येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

बाजारपेठेने मात्र या स्त्रियांच्या जागी एक हसरी प्रतिमा उभी केली. १८८९ मध्ये 'आँट जेमायमा' या नावाने तयार पिठाची विक्री सुरू झाली. मालकाच्या घरी आनंदाने राबणारी काळी स्वयंपाकीण हे तिचे रूप. ते नाव २०२१ मध्ये मागे घेतले गेले. या प्रतिमेला खरे उत्तर एडना लुईस (१९१६–२००६) यांच्या 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग' (१९७६) या ग्रंथाने दिले. मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या फ्रीटाऊन या व्हर्जिनियातील वस्तीत त्या वाढल्या. ऋतुमानानुसार पेरणी, कापणी आणि सणावारांचे जेवण यांचे त्यांनी केलेले चित्रण दया मागत नाही. ते कौशल्याची व स्वाभिमानाची नोंद करते.

४. चूल एकाची, पंगत दुसऱ्याची

वर्णभेदाच्या काळात काळ्या स्त्रीने रांधलेले अन्न गोऱ्यांच्या घरी चाले. तिने त्यांच्या शेजारी बसून जेवणे मात्र चालत नसे. म्हणूनच नागरी हक्कांच्या लढ्यात जेवणाच्या टेबलाला विशेष महत्त्व आले. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव खाणावळीच्या बाकावर बसले आणि उठले नाहीत. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या 'ओलीज बार्बेक्यू' या उपाहारगृहात दोन तृतीयांश नोकर काळे होते. परंतु काळ्या गिऱ्हाइकाला अन्न केवळ बांधून मिळे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही नागरी हक्क कायदा बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. त्याआधी, १९५५-५६ च्या माँटगोमेरी येथील बस बहिष्कारात जॉर्जिया गिलमोर व तिच्या सहकारी स्त्रियांनी घरी केलेले पदार्थ विकून आंदोलनासाठी निधी जमवला. ज्या चुलीने दास्य पाहिले, तीच प्रतिकाराचे साधन झाली.

५. 'सोल फूड' आणि मराठी संदर्भ

सुमारे १९१० ते १९७० या कालखंडात साठ लाखांच्या आसपास काळे लोक दक्षिण सोडून उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. परमुलखात हे अन्न त्यांच्या अस्मितेची खूण ठरले आणि १९६० च्या दशकात त्यास 'सोल फूड', म्हणजे आत्म्याचे अन्न, हे नाव रूढ झाले. अमिरी बराका यांनी आपल्या निबंधात, काळ्यांना स्वतःचे अन्न नाही या म्हणण्याचा प्रतिवाद केला. उलट एलायजा मुहम्मद यांनी १९६७ च्या पुस्तकात डुकराचे मांस व मळ्यावरचा आहार ही गुलामीची सवय ठरवून तिचा त्याग करण्यास सांगितले. एकाच ताटाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत : एक त्यात जगण्याची हिकमत पाहते, दुसरी लादलेली अवस्था.

मराठी वाचकास हा वाद अपरिचित वाटू नये. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद केली; चान्या, वजडी यांसारखे पदार्थ मुख्य प्रवाहातील पाकपुस्तकांत का नाहीत, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. दोन्हीकडे जे वाट्याला आले त्यातून चव निर्माण झाली. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. दक्षिणेतील काळ्यांचे अन्न गोऱ्यांनी आपले म्हणून मिरवले व श्रेय नाकारले. मराठवाड्यातील दलितांचे अन्न त्याज्य मानून नोंदीबाहेरच ठेवले गेले.

समारोप

घरगुती अन्नाविषयी वाटणारी ओढ खोटी नसते. तिची संशयाने चिकित्सा करण्याचे कारणही नाही. परंतु पदार्थाची कृती म्हणजे केवळ प्रमाण आणि आच नव्हे. धान्य कोणी पिकवले, ते कोणी रांधले, पंगतीत कोण बसले आणि ग्रंथात कोणाचे नाव राहिले, हेही त्या कृतीचेच घटक होत. अमेरिकेच्या दक्षिणेतील अन्नाचा अभ्यास हे घटक स्पष्टपणे दाखवतो. मराठी खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासातही हेच प्रश्न विचारले गेले, तर पाककृतींच्या संग्रहाला समाजेतिहासाचे मोल प्राप्त होईल.