प्रदर्शनातली शर्यतीची गाडी

आळंदीला एकदा तरी येऊन गेलेल्या बाईला ती भिंत सांगायला नको. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला निघाले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडे बसल्या भिंतीसकट त्यांना सामोरी गेली, अशी कथा आहे. आता मला सांगा, भेटायलाच यायचे तर वाघ कशाला हवा होता? चार माणसांनी थबकून बघावे म्हणूनच ना! मोटारींच्या प्रदर्शनात मधोमध अंगभर नावे आणि नंबर रंगवलेली एक शर्यतीची गाडी उभी असते, ती याच वाघाच्या जातीची. ती विकायची नसते, थबकवायची असते.

आपल्याकडे पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत घरटी कोणी ना कोणी कामाला. त्यामुळे चिंचवडला मोटारींचे प्रदर्शन लागले की रविवारी सगळे घर निघते. यजमान इंजिनात डोके घालतात, चिरंजीव शर्यतीच्या गाडीला चिकटतात, आणि आपण? पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत टेकायला खुर्ची शोधतो. भगिनींनो, पुढच्या खेपेला तसे करू नका. घरात कोणती गाडी येणार आणि मुलाच्या डोक्यात काय शिरणार, या दोन्ही गोष्टी तिथेच ठरत असतात.

ती गाडी तिथे कशाला?

चाकणचेच उदाहरण घ्या. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली सुरू झाला आणि त्यातून ‘पोलो’ बाहेर पडू लागली. नाव नवे, गिऱ्हाईक अनोळखी. कंपनीने काय केले? जानेवारी २०१० मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत साध्या पोलोबरोबर शर्यतीची पोलोही मांडली आणि त्याच वर्षी ‘पोलो कप’ ही शर्यत सुरू केली. शर्यती झाल्या दूर चेन्नई आणि कोइमतूरकडच्या बंदिस्त ट्रॅकवर. तिथवर कितीसे लोक जाणार? पण प्रदर्शनातली गाडी हजारोंनी पाहिली. पुढे याच घराण्यात व्हेंटो कप झाला, २०१७ साली अमिओ कप आला. आज पोलो आणि अमिओ दोन्ही बंद झाल्या आहेत, पण ही पद्धत काही बंद झालेली नाही.

अशा ‘कप’ शर्यतीची गंमत समजायला सोपी आहे. समजा, महिला मंडळाने पुरणपोळीची स्पर्धा ठेवली आणि सगळ्यांना एकाच डब्यातले पुरण, एकाच परातीतली कणीक आणि सारखेच तवे दिले. मग कोणाला म्हणता येईल का, की माझी कणीकच सैल होती? पोळी फाटली तर दोष हाताचा! तसेच इथे. सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या, जिंकायचे ते हाताच्या सफाईवर. आणि कंपनीचा फायदा असा, की पहिला कोणीही येवो, नाव तिच्याच गाडीचे होते.

टाटांनी तर २०१४ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोइडाच्या ट्रॅकवर चक्क ट्रकची शर्यत भरवली. सुरुवातीला परदेशी शर्यतपटू होते. २०१६ साली मात्र आपले, रोज माल वाहणारे ट्रकचालक निवडून, शिकवून शर्यतीत उतरवले. ज्यांच्या घरचा माणूस रात्री-अपरात्री हमरस्त्यावर असतो, त्यांना कळेल यात काय आहे ते. ‘ड्रायव्हर’ म्हणून ज्याला कोणी बसा म्हणत नाही, त्याच्यासाठी लोक टाळ्या वाजवत होते.

जवळ जाऊन बघा

आता त्या गाडीच्या खिडकीतून आत डोकवा. मागची सीट नाही. गालिचा नाही. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडलेला दिसेल. गाडी उलटली तरी छत चालकावर दबू नये म्हणून. खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे जाड पट्टे, आग विझवायचे नळकांडे. चालकाला शिरस्त्राण आणि लवकर पेट न घेणारे कपडे. म्हणजे जी गाडी वेगासाठी मिरवते, तिच्यात सगळ्यात जास्त काळजी घेतलेली असते ती जिवाची. पाटीवर मात्र हे नसते. पाटीवर असतो नुसता वेग.

मग शेजारच्या, विकायच्या गाडीकडे वळा आणि विक्रेत्याला खुशाल विचारा : एअरबॅग किती? भारत एनकॅपच्या चाचणीत किती तारे मिळाले? मागच्या सीटला मधल्या माणसासाठीसुद्धा खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? रंगाचे नंतर बघू. वाघ बघून भुलायचे नाही, बरं का!

मुलाला काय सांगाल?

त्याला गाडीपासून ओढून नेऊ नका. उलट विचारा, “इथे समोरून गाडी येते का रे? आडवी म्हैस येते? शाळा सुटते?” शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणावळणावर झेंडे घेऊन माणसे उभी असतात, रुग्णवाहिका आणि डॉक्टर तयार असतात. शर्यतपटूला वेगळा परवाना लागतो. आळंदी-चाकण रस्त्यावर यातले काय आहे? तिथे दिंड्या आहेत, कंटेनर आहेत, आणि पाळी संपवून पेंगत घरी निघालेले कामगार आहेत.

आणि कायदाही ठाऊक असू द्या. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. “जरा कोपऱ्यापर्यंतच जातोय” म्हणून किल्ली मागितली, तर हे आठवा.

आणि मुलीला?

खरे सांगायचे तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला. शर्यतीच्या गाडीत बसून फोटो काढायची रांग बघा. सगळी मुलगे! मुलगी रेंगाळली तर आपणच म्हणतो, “चल गं, तुला काय करायचंय त्यात?”

पुण्याच्या डायना पंडोले या दोन मुलांच्या आई. २०१८ मध्ये बायकांसाठी घेतलेल्या एका शिबिरातून त्या शर्यतीकडे वळल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर, पुरुषांच्या बरोबरीने धावून, त्यांनी सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मोटार शर्यतीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. मुले, घर, सराव, सगळे सांभाळून. त्याही कधी तरी नुसत्या बघणाऱ्यांतल्याच एक असतील ना?

प्रत्येकीच्या लेकीने शर्यतीतच उतरावे असे नाही. खर्चाचा खेळ आहे, धोक्याचाही आहे. पण तिला आत डोकावू द्या, पिंजरा कशाला ते विचारू द्या, रांगेत उभी राहू द्या. कदाचित ती इंजिनिअर होईल, कदाचित नुसती चांगली गाडी शिकेल आणि रात्री तुम्हाला दवाखान्यात नेईल. तेही थोडे नाही.

भिंतीवर मुक्ताईही होती. तिला कोणी “तू घरीच थांब” म्हटल्याचे निदान आम्ही तरी ऐकलेले नाही.