भूमिगत जलबोगदे आणि ठेकेदाराचा पूर्वसहभाग

अलकापुरीहून स्टेशनकडे नेणारे रेल्वेखालचे गरनाळे मोठ्या पावसात पाण्याने भरले की शहराच्या दोन बाजू तुटतात. जमिनीखालच्या कामांची आठवण सामान्य माणसाला होते ती एवढ्यापुरती. आजवा सरोवराचे नळ, महीच्या पात्रातील फ्रेंच विहिरी यांवर बडोदे जगते. पण अशी कामे आखताना कोणाला विचारावे, हा प्रश्न आपल्या वर्गांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात त्यातील एकच मुद्दा घेतला आहे : जो खोदणार, त्याला आराखड्याच्या वेळीच बोलवावे काय?

आपल्याकडील रूढ रीत अशी की सल्लागार आराखडा व अंदाजपत्रक करतो, निविदा निघते आणि सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम मिळते. रस्त्याच्या कामात हे निभावते. बोगद्यात मात्र जमीन दिसत नाही. ठरावीक अंतरावर घेतलेल्या बोअरवरून खडकाचा अंदाज बांधतात. दोन बोअरमधला मऊ पट्टा यंत्र तेथे पोहोचल्यावरच कळतो. कोणते यंत्र चालेल, शाफ्ट कोठे घ्यावा, निघालेला दगड कोणत्या वाटेने न्यावा, हे खोदणाऱ्यास ठाऊक असते. पण तो येतो तेव्हा सारे कागदावर ठरून गेलेले असते. मग जादा खर्चाचे दावे आणि लवाद. यंत्र थांबले तरी खर्च थांबत नाही.

पूर्वसहभागात करार दोन टप्प्यांत होतो. आधी अनुभव, माणसे व नफ्याचा दर पाहून ठेकेदार निवडतात. तो मोबदला घेऊन आराखड्यात सल्ला देतो, जोखमींची नोंद करतो. नंतर किंमत ठरते. ती पटली नाही तर दुसऱ्याकडे जाण्यास मालक मोकळा. ब्रिटनच्या एनईसी करारमालेत 2017 च्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र कलम आहे. लंडनच्या 25 किलोमीटरच्या टेम्स टाइडवे सांडपाणी बोगद्याची तीन कंत्राटे 2015 मध्ये दिली गेली, तीही ठेकेदारास आराखड्यात वाव ठेवून. तेथे पश्चिमेस चिकणमाती, पूर्वेस खडू. म्हणून यंत्रेही निराळी लागली. 2025 मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला.

(भाषेच्या अध्यापकाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘कंत्राट’ पोर्तुगिजांकडून आले, ‘दार’ फारसीतून. पण ‘मुकादम’ हा अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला. आपण त्याला मागे ठेवले.)

मुंबईला पाणी आणणारा गुंदवली–भांडुप बोगदा सुमारे 15 किलोमीटर लांबीचा आणि बराच खोल आहे. ठाण्यात कोणी खोदलेल्या बोअरवेलमुळे त्याला गळती लागली. दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून महिनाभर मुंबईत 15 टक्के पाणीकपात जाहीर झाली. पूर्वसहभागाने हे टळले असते असे मी म्हणणार नाही; बोगदा केव्हाच पूर्ण झाला होता. मात्र माथ्यावर कोण काय खोदू शकेल, ही जोखीम सुरुवातीच्या नोंदीतच यावयास हवी, आणि ती नोंद काम संपल्यावर कपाटात जाता कामा नये.

आक्षेपही खरे आहेत. प्रकल्प तयार करण्यास ज्याने मदत केली त्याने तेच काम घेऊ नये, हा आपल्या सरकारी खरेदीतील हितसंबंधांचा नियम आहे, आणि तो उगाच आलेला नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये विशिष्ट कामांत गुणवत्तेस 30 टक्क्यांपर्यंत भार देण्यास मुभा दिली. पण ती एकाच टप्प्यातील निवडीपुरती. दोन टप्प्यांत अडचण ही की किंमत ठरवताना मेजावर एकच पक्ष उरतो. त्यावर उपाय म्हणून ठेकेदाराने हिशेब उघडे ठेवायचे आणि स्वतंत्र मूल्यमापकाने ते तपासायचे, असे ठरते. माझ्या मते खरी उणीव येथेच आहे : असा हिशेब ओळ न् ओळ वाचू शकणारा माणूस किती नगरपालिकांत आहे? आपल्या महाविद्यालयांतील सर्व्हेचे विद्यार्थी दरपत्रक भरावयास शिकतात. खडकाच्या बोअरची नोंद वाचावयास बहुधा नोकरीत गेल्यावरच.